खोटे ठरू शकणारे वाक्य

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेर शेतात घट मांडला जातो. मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडई, वडा, भजी. भोवती गोलाकार ओळीत गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, सरकी, हरभरा अशी अठरा धान्ये. रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्याचे वारसदार घटाची पाहणी करतात. कोणते ढेकूळ भिजले, कोणते कोरडे राहिले, कोणत्या धान्याचा दाणा जागचा हलला, हे पाहायचे आणि त्यावरून पाऊसपाण्याचे भाकीत जाहीर करायचे. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात, भाकीत ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी येतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिच्यावर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. तो वाद आज बाजूला ठेवू. भाकिताची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. आधी निरीक्षण, मग त्या निरीक्षणाला पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला अर्थ, मग त्या अर्थाचे मराठी वाक्य. आकड्यांतून आपोआप हवामान-वृत्त लिहिणारा संगणकही याच तीन पायऱ्या चढतो. दोघांत फरक एकच असायला हवा: संगणकाचे वाक्य खोटे ठरू शकले पाहिजे. हवामान-वृत्ताच्या यांत्रिकीकरणाकडे या एका कसोटीवर पाहिले, तर काय यंत्राला द्यावे आणि काय माणसाकडे ठेवावे, याचा बराचसा उलगडा होतो.

ठरलेल्या नियमाने वाक्य काढण्याची आपल्याला सवय नाही असे मुळीच नाही. पंचांगातली पर्जन्यनक्षत्रांची वाहने याच जातीची. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, येणाऱ्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस चांगला. कोल्हा, मेंढा निघाला तर ओढ. यात माणसाची मर्जी कुठेही नाही. कोणीही गणित केले तरी उत्तर तेच येईल, म्हणजे आजच्या भाषेत हा पूर्ण स्वयंचलित अहवाल झाला. तरीही तो तपासता येत नाही. म्हैस वाहन असताना ‘पाऊस चांगला’ म्हणजे किती मिलिमीटर, कोणत्या गावात, चौदा दिवसांतल्या कोणत्या दिवशी, हे कुठेच ठरलेले नाही. चिखलीत पडला आणि देऊळगाव राजा कोरडे राहिले तर भाकीत खरे की खोटे? दोन्ही म्हणता येते. गणित काटेकोर असून शब्द सैल असले की असे होते, आणि हा दोष केवळ जुन्या काळाचा नाही.

आता आजचा कारखाना पाहू. वातावरणावर काल्पनिक जाळे टाकून प्रत्येक चौकटीतला दाब, तापमान, बाष्प आणि वारा भौतिकीच्या समीकरणांनी पुढे ढकलत न्यायचा, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसनने १९२२ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ती प्रत्यक्षात आली १९५० मध्ये, अमेरिकेतल्या एनियाक संगणकावर. भारतीय हवामान विभाग १८७५ पासूनचा, त्याचा कृषी हवामानाचा विभाग पुण्यात १९३२ पासूनचा, आणि आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान-वार्ता १९४५ पासूनची. म्हणजे शेतकऱ्याला उद्देशून बोलण्याची परंपरा आपल्याकडे संगणकी अंदाजापेक्षा जुनी आहे. जिल्हावार कृषी सल्ला २००८ पासून सुरू झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या त्या पत्रिकेच्या डोक्यावर पाच दिवसांचा एक तक्ता असतो: पाऊस मिलिमीटरमध्ये, कमाल व किमान तापमान, ढगाळलेपणा आठांपैकी किती भाग, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. आठ ओळी, पाच स्तंभ, चाळीस आकडे. त्याखाली दोन-तीन वाक्यांचा अंदाज आणि मग पीकवार सल्ला. चाळीस आकड्यांतून दोन वाक्ये काढणे हे काम दर आठवड्याला दोनदा, देशातल्या शेकडो जिल्ह्यांसाठी, अनेक भाषांत करायचे. यंत्राला द्यावे असे काम याहून दुसरे कोणते?

पण ती दोन वाक्ये किती अवघड आहेत हे एका ओळीवरून कळेल. समजा, जुलैतल्या एका पत्रिकेत पावसाचे आकडे ०, ४, २४, २४, ० असे आहेत. हवामान विभागाच्या वर्गवारीत १५.६ ते ६४.४ मिमी म्हणजे मध्यम पाऊस. मग यंत्र लिहील: ‘तिसऱ्या व चौथ्या दिवशी मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’ वाक्य शुद्ध आहे आणि तक्त्याशी इमानीही आहे. आता बुलढाण्याच्या घाटावरच्या सोयाबीनवाल्याच्या बाजूने वाचा. तिसऱ्या दिवसाचे २४ मिमी जर सकाळपासून रात्रीपर्यंत रिपरिप लागून पडणार असतील तर ती झड. झडीत निंदण होत नाही, डवरे धरता येत नाहीत, फवारणीचा तर प्रश्नच नाही. पाणी मात्र सगळे जमिनीत मुरते. चौथ्या दिवसाचे २४ मिमी जर दुपारी तीन ते चारच्या दरम्यान एकाच सरीत कोसळणार असतील तर सकाळ मोकळी मिळते, पण उताराच्या हलक्या जमिनीवरून निम्मे पाणी माती घेऊन नाल्याला लागते. तक्त्यात दोन्ही दिवस सारखे, शब्द दोन्हीकडे ‘मध्यम’, आणि शेतात दोन वेगळे दिवस. शिवाय १६ मिमीही मध्यम आणि ६४ मिमीही मध्यमच. मराठीला हा फरक सांगायला शब्द कमी पडत नाहीत. झड, सर, भुरभुर, रिपरिप, वळीव, उघाड, खंड हे सगळे पाऊस किती याच्याइतकेच कसा आणि किती वेळ हे सांगणारे शब्द आहेत. अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रतिमानातून दर तीन तासांचे आकडेही निघतात. म्हणजे माहिती आहे आणि शब्दही आहे. या दोहोंना जोडणारा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही.

हा नियम लिहिण्याचा खटाटोप इतरांनी कसा केला तेही पाहावे. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत हवामान-वृत्त देणे भाग, म्हणून माँट्रियल विद्यापीठात ‘मेतेओ’ ही भाषांतर-प्रणाली घडवली गेली आणि १९७७ पासून ती रोजच्या वापरात आली. यांत्रिक भाषांतराचे बाकीचे बेत त्या काळी फसत असताना हे तरले, कारण हवामान-वृत्ताची भाषा लहान आणि बंदिस्त आहे. काहीशे शब्द, मोजक्या रचना. पुढे कॅनडानेच एक पाऊल टाकले: एका भाषेतून दुसरीत नेण्यापेक्षा आकड्यांतूनच दोन्ही भाषा थेट लिहाव्यात. ‘फॉग’ नावाची ही प्रणाली १९९०च्या दशकात सागरी अंदाज लिहू लागली. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठात एहूद रायटर आणि सोमयाजुलू श्रीपाद यांच्या गटाने समुद्रातल्या तेलविहिरींसाठी वाऱ्याचे अंदाज लिहिणारी प्रणाली केली. तिचे नाव ‘समटाइम-मौसम’. त्यातला मौसम आपलाच. ब्रिटनच्या हवामान खात्यासाठी नंतर झालेल्या कामात सुमारे ५,००० ठिकाणांचे अंदाज एका मिनिटाच्या आत लिहून निघाले. या साऱ्यांची रीत सारखीच. प्रथम आकड्यांच्या माळेतले खरे वळण कुठे आहे ते शोधायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, मग सांगण्याचा क्रम लावायचा, मग शब्द निवडायचे. व्याकरण शेवटी येते आणि ते सगळ्यांत सोपे. काय सोडायचे हे ठरवण्यात खरा कस लागतो, आणि तो वाचणारा कोण यावर अवलंबून असतो. तेलविहिरीवरच्या माणसाला वारा कोणत्या तासाला वाढणार ते हवे असते, दुपारचे तापमान त्याला नको असते.

ॲबर्डीनच्या गटाला वाटेत एक गोष्ट सापडली, ती या प्रश्नाच्या मुळाशी जाते. त्यांनी अनुभवी अंदाजकारांचे जुने मजकूर आणि त्या दिवसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा ‘संध्याकाळपर्यंत’ हा साधा शब्दप्रयोग एकाच्या लेखी सायंकाळी सहा आणि दुसऱ्याच्या लेखी मध्यरात्र असा निघाला. वर्षानुवर्षे एकाच कार्यालयात बसणारी माणसे, रोज तोच शब्द लिहीत होती आणि वेगळे काही सांगत होती. यंत्राला अशी मुभा देता येत नाही; ‘संध्याकाळ’ म्हणजे किती वाजता हे सांगितल्याशिवाय ते लिहूच शकत नाही. पुढे वाचकांकडून पारख करून घेतली तेव्हा शब्दांच्या निवडीत यंत्राच्या मजकुराला माणसाच्या मजकुरापेक्षा पसंती मिळाली. यंत्राची भाषा अधिक गोड होती असे नाही. तिच्यात एका शब्दाचा एकच अर्थ होता.

आपल्या पत्रिकांना हीच कसोटी लावायची तर ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग घ्यावा. हवामान विभागाच्या लेखी त्याला नेमका अर्थ आहे: त्या क्षेत्रातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. पुढे ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, त्यावर ‘बहुतांश ठिकाणी’. हे मोजमाप पसरलेपणाचे आहे. पाऊस किती जोराचा याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण रोजच्या मराठीत तुरळक पाऊस म्हणजे किरकोळ पाऊस, चार थेंब. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाक्य गावात वाचले जाते तेव्हा पहिला शब्द दुसऱ्याची धार काढून घेतो. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की जिल्ह्यात कुठेतरी जबर पडेल. वाचणारा समजतो, फार काही नाही. जोराच्या शब्दांचे तर विचारूच नये. ६४.५ मिमीच्या पुढच्या एकाच वर्गाला कोणी जोरदार म्हणते, कोणी मुसळधार, आणि महसूल खात्याच्या लेखी मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेले की ती अतिवृष्टी. दिवसाचेही तसेच. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारच्या अंदाजातला पाऊस बुधवारच्या पहाटे पडला तरी विभागाचा अंदाज बरोबर असतो. मंगळवारभर आभाळाकडे पाहून बुधवारी पहाटे फवारणीचा पंप भरणाऱ्याला मात्र तो चुकलेला वाटतो.

हे सगळे जिल्ह्याच्या पातळीवर खपून जात होते. गावाच्या पातळीवर खपणार नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने आणि हवामान विभागाने ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू केला. २६ मे २०२५ ला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ राष्ट्राला अर्पण झाली आणि जाळ्याची चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आली. बुलढाण्यापुरते त्रैराशिक मांडू. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटर. बारा किलोमीटरच्या चौकटी त्यात साधारण ६७ बसतात, सहाच्या २६८. ग्रामपंचायती आठशेहून अधिक. म्हणजे नव्या प्रणालीतही सरासरी तीन-तीन ग्रामपंचायतींना एकच चौकट वाट्याला येते, आणि तिच्यात घाट असला तर उंचीची सरासरी होते. बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली हे दोन वेगळे प्रदेश आहेत. वर अजिंठ्याच्या डोंगराचे पठार, तिथे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली पूर्णेचे खोरे, तिथे मलकापूर, नांदुरा, शेगाव, काळी भारी जमीन आणि खारपाणपट्टा. उत्तरेला पुन्हा सातपुडा. मोताळ्याजवळ दहा किलोमीटरच्या अंतरात शेती बदलते. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस होऊन गावे पाण्यात गेली, शेते खरडली. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे चित्र वेगळे होते. अशा जिल्ह्याला एकच वाक्य पुरत नाही, म्हणून गावागावाचे वाक्य हवे, आणि ते आठशे वाक्ये माणूस लिहू शकत नाही. यंत्राची गरज इथे निर्विवाद आहे. पण गावासाठी ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचे तरी कसे? एका गावात तुरळक ठिकाणी म्हणजे कुणाच्या वावरात? जिल्ह्यासाठी घडलेला शब्द गावात नेला की त्याचा अर्थच संपतो. तिथे पसरलेपणाचे रूपांतर शक्यतेत करावे लागते: ‘असे दिवस चार आले तर एका दिवशी तुमच्याकडे पडतो.’ हे मराठीत सहज सांगता येते, बाजारात माणसे याच रीतीने हिशेब सांगतात. फक्त ते ठरवून सगळीकडे एकसारखे सांगायला हवे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: अंदाजच चुकतात, तर शब्द घासूनपुसून काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे. पावसाळ्यातल्या गडगडाटी ढगाची नेमकी जागा चार दिवस आधी सांगणे सहा किलोमीटरच्या प्रतिमानालाही जमत नाही, आणि बारीक चौकट म्हणजे बारीक खात्री नव्हे. उलट गावाचे नाव घालून आलेल्या वाक्यावर वाचक जास्त भरवसा टाकतो, म्हणून नसलेली खात्री दाखवण्याचा धोका वाढतो. पण शब्द सैल ठेवल्याने चूक कमी होत नाही, ती फक्त झाकली जाते. ‘काही भागांत चांगला तर काही भागांत कमी’ हे वाक्य कधीच चुकत नाही, भेंडवळचे असो वा खात्याचे. ‘उद्या सकाळी साडेआठपर्यंत तुमच्या मंडळात १५ मिमीपेक्षा जास्त पडण्याची शक्यता दहांत सात’ हे वाक्य चुकू शकते, आणि अशी शंभर वाक्ये गोळा केली की त्यांतली सत्तरच्या आसपास खरी ठरली का, हे पाचवीच्या मुलालाही मोजता येते. मोजता आले की सुधारता येते. शब्दांना आकडे बांधण्याची सक्ती यंत्रामुळे होते, हा यांत्रिकीकरणाचा खरा लाभ आहे. वेगापेक्षाही मोठा.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो. मोबाइलवर ढगाचे चित्र, पावसाची टक्केवारी, पिवळा-नारिंगी-लाल रंग हे सगळे असताना वाक्य हवेच कशाला? ‘मेघदूत’ हे ॲप २०१९ पासून आहे, त्यात तक्ता आहे, चिन्हे आहेत. पण चिन्ह एका वेळी एकच गोष्ट सांगते. ‘परवा पाऊस आहे, त्याआधीच फवारणी उरका, कारण नंतर तीन दिवस उघाड नाही’ यातले ‘आधीच’ आणि ‘कारण’ कोणत्या चिन्हाने दाखवणार? एडिनबराच्या हेरिएट-वॅट विद्यापीठाच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनिश्चित हवामानाची माहिती काहींना नुसत्या आलेखातून दिली, काहींना आलेखाला मजकूर जोडून. मजकुराची जोड मिळालेल्यांचे निर्णय सरस ठरले. शिवाय आपल्याकडे पत्रिका वाचण्यापेक्षा ऐकली जास्त जाते. गावच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश एक जण पारावर मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. चित्र मोठ्याने वाचता येत नाही.

तिसरा प्रश्न सध्याचा आहे. साचे कशाला लिहीत बसायचे? अफाट मजकुरावर शिकलेली भाषा-प्रतिमाने आली आहेत, त्यांच्या पुढ्यात तक्ता ठेवला की ती ओघवत्या मराठीत वृत्त लिहून देतील. देतील, आणि तिथेच जपून राहायला हवे. अशी प्रतिमाने तक्त्यात नसलेले वाक्यही तितक्याच सहजतेने लिहितात. जुलैतल्या पावसाच्या बातमीत नदीनाल्यांना पूर, वीज, सोसाट्याचा वारा एकत्र येताना त्यांनी हजारदा पाहिलेले असते, म्हणून तक्त्यात वाऱ्याचा वेग ताशी आठ किलोमीटर असला तरी ‘सोसाट्याचा वारा’ ओघात येऊ शकतो. ओघ हाच मुळी इथे संशयास्पद गुण आहे. सल्ल्याचे स्पष्टीकरण, शंकांना उत्तरे, वऱ्हाडी बोलीतला संवाद यांसाठी ही प्रतिमाने जरूर वापरावीत. इशाऱ्याचे आणि आकड्याचे वाक्य मात्र साच्यातूनच यावे. साचा कंटाळवाणा होतो आणि लोक वाचणे सोडतात, ही तक्रार रास्त असली तरी मलकापूर, नांदुरा, शेगावच्या फलाटांवर रोज हजारो लोक तुकडे जोडून केलेली तीच ती घोषणा कान देऊन ऐकतात. गाडी क्रमांक, फलाट क्रमांक, किती मिनिटे उशीर. त्या घोषणेत कोणी नावीन्य शोधत नाही. जागा ठरलेल्या असल्यामुळे हवा तो आकडा नेमका कानात पडतो. साच्याला मराठी मात्र यायला हवे. ‘बुलढाणामध्ये’, ‘मोताळामध्ये’, ‘मलकापूरमध्ये’ असे लिहिणारे यंत्र परके वाटते आणि परक्याचा सल्ला लोक घेत नाहीत. बुलढाण्यात, मोताळ्यात, नांदुऱ्यात, मलकापुरात, पण लोणारला आणि देऊळगाव राजाला. तेरा तालुक्यांची ही रूपे अर्ध्या तासात हाताने लिहून होतात. आठशे ग्रामपंचायतींची व्हायला आठवडा लागेल. ते काम कोणाच्या तरी नावावर टाकावे लागेल, इतकेच.

आता खरा वादाचा मुद्दा. यंत्र वृत्त लिहू लागले, म्हणून माणूस नको का? हा प्रश्न बुलढाण्यात एकदा प्रत्यक्ष निकालात निघालेला आहे. २०१८ नंतर देशभर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही एक होते. हवामानाचा आणि पिकांचा तज्ज्ञ तिथे बसून जिल्ह्याची, पुढे तालुक्यांची पत्रिका मराठीत काढत असे. २०२३-२४ हे आर्थिक वर्ष सरता सरता ही सगळी केंद्रे बंद झाली. विद्यापीठ पातळीवरची जुनी केंद्रे राहिली, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले त्यांतलेच. कृषी हवामानाची माहिती आता आपोआप मिळते, मग प्रत्येक केंद्रावर माणसे कशाला, अशी भूमिका नीती आयोगाच्या पातळीवर मांडली गेल्याचे नंतर वृत्तपत्रांत आले. हवामान विभागाने सल्ला तयार करायला मदत करणारी संगणकीय प्रणालीही विकसित केली आहे. तर्क वरवर पटण्यासारखा आहे. त्यात चूक अशी की अंदाज आणि सल्ला ही दोन कामे त्यात एक धरली आहेत.

अंदाजाचे वाक्य तक्त्यातून निघते. सल्ल्याचे वाक्य निघत नाही. विदर्भातला दरवर्षीचा सल्ला घ्या: ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हा आकडा पडून गेलेल्या पावसाचा आहे. पुढच्या पाच दिवसांचा तक्ता त्याबद्दल काही बोलत नाही. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. ‘मान्सून दाखल’ ही बातमी खरी होती. तिच्यावर विसंबून सोयाबीनची बॅग फोडणे मात्र दुबार पेरणीला आमंत्रण होते. त्या हंगामात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित आगमनाचा अंदाज सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने कळवला. हे यांत्रिकीकरणाचे उत्तम उदाहरण, आणि त्याची सीमाही त्यातच दिसते. आगमन कधी, हे यंत्र सांगू शकते. वाफसा आला का, हे त्या त्या जमिनीवर ठरते. शंभर मिलिमीटरनंतर शेगावकडच्या भारी काळ्या रानात पाय रुततो आणि देऊळगाव राजाकडच्या मुरमाड रानात दोन दिवसांत पाभर चालते. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही, म्हणून पावसाच्या खंडात ‘संरक्षित ओलित द्यावे’ हे इतरत्र बरोबर असलेले वाक्य तिथे नुकसान करते. असे नियमही यंत्रात घालता येतील, नाही असे नाही. पण ते आधी कोणाला तरी माहीत असावे लागतात, कोणीतरी फोनवरून ऐकलेले असावे लागतात, आणि मागच्या पंधरवड्यातला सल्ला फसला का, हे शेतात जाऊन कोणीतरी पाहिलेले असावे लागते. यंत्राला हे शिकवू शकणारी माणसे ती १९९ केंद्रे बंद होताना घरी गेली.

खर्चाचा मुद्दा उरतो. प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन तज्ज्ञ ठेवणे सरकारला जड, हे गृहीत धरू. मग पत्रिका लिहिण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्या, यंत्राला द्या. आठवड्यातले ते दोन दिवस त्यांना मोकळे करा आणि पडताळणीवर लावा. त्यासाठी नवे साधन फारसे लागत नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत आणि ती दिवसरात्र नोंदी देतात. मंडळातला पाऊस ६५ मिमीच्या वर गेला का, हे पंचनाम्याच्या वेळी ज्या नोंदीवरून पाहिले जाते, तीच नोंद कालच्या अंदाजाच्या शेजारी ठेवता येते. पत्रिकेच्या मथळ्याखाली, तक्त्याच्याही आधी, एक ओळ वाढवायची: ‘मागच्या पाच दिवसांत आम्ही सांगितलेला पाऊस एवढा, तुमच्या मंडळात पडलेला एवढा.’ ही ओळ लिहायला यंत्राला क्षणही लागत नाही. ती छापायची की नाही, हे मात्र यंत्र ठरवणार नाही, आणि आजवर ती छापली गेलेली नाही याचे कारण तांत्रिक आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.